स्कॅन केलेलं मराठी पुस्तक ऐकण्याजोगं करायचंय : गूगल डॉक्स, टेसरॅक्ट की हाताने टायपिंग?

सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंना दिसत नाही. फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) लावून त्या पुस्तकं ऐकतात. स्कॅनच्या चित्रातून मजकूर काढून मी साफ केलेलं पहिलं पुस्तक ऐकताना त्यांनी मध्येच थांबवलं, "अरे, 'धर बांधलं' म्हणजे काय?" 'घर' होतं ते. मी तेच पान दोनदा वाचलं होतं. डोळा अशा चुकीवरून सरकतो, कान अडतो.

एखादा लेख किंवा चाळीसेक पानं असतील, तर गूगल डॉक्स घ्या. पान ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडलं की मजकूर हातात. काही बसवावं लागत नाही. पण फाइल २ एमबीच्या आत ठेवा अशी गूगलचीच सूचना आहे, त्यामुळे जाड पुस्तकाचे तुकडे पाडत बसावं लागतं.

जाड पुस्तकाला माझं मत टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रामला. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, रात्री लावून झोपलं तरी चालतं. सुरुवातीला कमांड टाइप करायची भीती वाटते, ती दोन दिवसांत जाते. मराठीची भाषा-फाइल वेगळी घ्या, नाहीतर ते इंग्रजीच धरून चालतं. स्कॅन ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा. आणि आपल्या सोलापूरकरांसाठी महत्त्वाचं म्हणजे मराठी आणि कन्नड एकत्र लावता येतात. सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांच्यावरच्या पुस्तकात त्यांची वचनं कन्नड लिपीत छापलेली असली, तर नुसत्या मराठीवर तिथे निव्वळ कचरा येतो.

कविता, तक्ते आणि पुसट खिळेछपाई यांना हाताने टायपिंगच बरं. मला एका पानाला अर्धा तास लागतो, पण तेवढाच वेळ दुरुस्तीतही जातो.

साफसफाई मात्र यंत्राच्या दोन्ही वाटांना सारखीच. घ-ध, भ-म, थ-य, ब-व तपासायचे. उडालेले रफार आणि अनुस्वार परत लावायचे. प्रत्येक पानावरचं पुस्तकाचं नाव आणि पृष्ठांक काढून टाकायचे, नाहीतर वाक्याच्या मध्येच "सत्तेचाळीस" ऐकू येतं. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडायचे. प्रकरणांच्या नावांना हेडिंग शैली द्यायची. एनव्हीडीए (संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणारा मग 'एच' दाबत प्रकरणाप्रकरणाने पुढे जातो. दृष्टिहीनांसाठी, नफा न घेता असं रूपांतर करायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही.

माझी पद्धत अशी : साफ झालेलं पान आधी डोळे मिटून ऐकतो. 'धर' तिथे सापडतं. पण १८९१ चं १८१९ झालं, तर ते कुणाच्याच कानाला खटकत नाही, काकूंच्याही नाही. म्हणून वाट कुठलीही घ्या, सनावळ्या आणि आकडे मूळ पान शेजारी ठेवून बोट लावून तपासा. काकूंच्या सध्याच्या पुस्तकात माझं तेवढंच राहिलंय.