पुढे घाम, मागे हुडहुडी: ट्रेलरचे डक्ट नीट केल्यावर पाच महिन्यांचा अनुभव

आम्ही कोलोराडोत असतो, २६ फुटी सेकंडहँड ट्रेलर आहे आणि थंडी पडली म्हणून कॅम्पिंग काही सुटत नाही. फर्नेस (हवा तापवून डक्टमधून, म्हणजे नळ्यांमधून, सगळीकडे सोडणारा हीटर) प्रोपेन गॅसवरचा, ३०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप, हे तासाचं), एवढ्याशा डब्याला खरं तर भरपूर झाला. पण किचनमध्ये टी-शर्टवर बसायचं आणि मागे मुलांच्या बंकजवळच्या (एकावर एक पलंग) व्हेंटवर, म्हणजे गरम हवा येते त्या जाळीवर, हात धरला तर कोणी फुंकर मारतंय एवढीच हवा. नाशिकहून आलेली आई एक रात्र तिकडे झोपली, सकाळी म्हणते, "अरे, दोन गोधड्या घेतल्या तरी नाक गारठलं माझं. आता मी गॅसपाशीच अंथरूण टाकणार."

आधी मी शहाणपणा केला, किचनचे व्हेंट बंद केले, म्हटलं हवा जाईल मागे. कसली जाते! हवेला वाट मिळेना म्हणून फर्नेस आतून तापून लिमिट स्विच ज्योत बंद करायचा आणि ब्लोअर (आतला पंखा) नुसता गार वारा सोडत बसायचा, तेव्हा हे करू नका. एका दुकानात विचारलं तर त्यांनी न उघडताच फर्नेस बदला सांगितलं.

मग एका शनिवारी गॅस बंद, बॅटरी काढली आणि सिंकखालचं पॅनल उघडलं. मागे जाणारा ४ इंची लवचिक डक्ट गरजेपेक्षा तीनेक फूट लांब, घड्या घालून कोंबलेला, त्यात पाण्याच्या पाइपखाली चेपून पार पोळी झालेली. आणि फर्नेसपाशी जोड अर्धा निसटलेला! म्हणजे गरम हवा सगळी कपाटात. आमचे कांदे-बटाटे दर ट्रिपला कोंब का काढतात ते तेव्हा कळलं.

जादा डक्ट कापला, वळणं सैल ठेवली, जोडांना क्लॅम्प आणि वर धातूच्या फॉइलची टेप (कापडी टेप उष्णतेने सुटते, ती नको). थर्मोस्टॅट किचनच्या व्हेंटच्या बरोबर वर होता, तो लगेच तापून फर्नेस बंद करायचा, म्हणून बंकच्या वाटेवर सरकवला. एकूण खर्च साठेक डॉलर, कंबर धरली ते वेगळं.

आता पाच महिने झाले. दोन स्वस्त थर्मामीटर टांगलेत, पूर्वी पुढे-मागे ७ डिग्री सेल्सिअसचा फरक असायचा तो २-३ वर आलाय. गॅस मात्र फारसा वाचलेला नाही. २० पाउंडी सिलिंडरमध्ये साधारण ४.३ लाख बीटीयू, म्हणजे सलग जळला तर १४ तास, आमचा थांबत थांबत चालतो म्हणून कडक थंडीत दोन रात्री पुरतो.

एक भानगड नंतर कळली. एस्टेस पार्कला, साडेसात हजार फुटांवर, पहाटे तीनला ब्लोअर फिरतोय पण ज्योत पेटेना. डक्टचा संशय आला, निघाली जुनी बॅटरी. व्होल्टेज पडलं की ब्लोअर मंद होतो, पुरेशा वाऱ्याशिवाय सेल स्विच (वाऱ्याच्या जोराने ढकलला जाणारा, शिडासारखा स्विच) लागत नाही आणि तो लागल्याशिवाय गॅस सुटत नाही. नवीन बॅटरी घातल्यापासून तो त्रास नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक ट्रिपआधी बटण दाबून बघतो, तेवढं तुम्हीही बघा. खालच्या बंकची फरशीकडची बाजू अजून गारच आहे, तिथे फोम लावून पाहिला, विशेष फरक नाही, मुलगा पायमोजे घालून झोपतो. बटाट्यांना मात्र कोंब येत नाहीत आता.