पुराची खबर गावाला कशी द्यायची : ग्रुप, भोंगा की फोन?

पावसाळा तोंडावर आला की कृष्णाकाठच्या गावांत एक विषय हमखास निघतो. पाणी वाढायला लागलं तर सगळ्या गावाला एकदम सांगायचं कसं? कुणी म्हणतं, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे की. कुणी म्हणतं, देवळावरचा भोंगा काय वाईट आहे? आणि हल्ली ग्रामसुरक्षा यंत्रणेचं, म्हणजे एकानं फोन केला की अख्ख्या गावाचे फोन वाजतात त्या सोयीचं, नावही घेतलं जातं. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी-औदुंबर पट्ट्यात २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर बघितल्यावर आमच्याकडेही ही चर्चा झाली आणि आम्ही एक बाजू धरली. तुमच्या ग्रामपंचायतीत किंवा मंडळात हा निर्णय व्हायचा असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितोय. या तिन्ही गोष्टी काय असतात ते तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही.

सरकारी ‘सचेत’चा इशारा मी या तुलनेत धरलेला नाही. २०२३ मध्ये मोबाइल जोरात किंचाळून चाचणीचे मेसेज आले होते, तीच ही पद्धत. त्या भागातल्या टॉवरवरून तो ही सोय असलेल्या सगळ्या चालू फोनना जातो, नंबर नोंदवावा लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो वरून येतो आणि मोठ्या भागासाठी असतो. आपल्या ओढ्याला पाणी आलं का, हे तो सांगणार नाही. आवाजाला वैतागून ज्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये तो बंद केलाय, त्यांना तेवढा चालू करायला सांगा.

आता ग्रुप. त्याचे फायदे मी नाकारत नाही. फुकट आहे, तयार आहे, फोटो टाकता येतो. पाणी कुठल्या पायरीला लागलंय हे एका फोटोत कळतं. पूर आल्यानंतर तर ग्रुपसारखं दुसरं साधन नाही. निवारा केंद्र कुठल्या शाळेत, वैरण कुठं मिळतेय, कुणाची म्हातारी माणसं अजून माडीवर आहेत, हे सगळं आम्ही ग्रुपवरच जुळवलं. त्यामुळे ग्रुप बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही.

माझं मन ग्रुपवरून उडालं ते एका प्रश्नामुळे. ‘हे आत्ताचं का?’

रात्री मेसेज येतो : ‘आयर्विनला ४५ फूट. नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब बाहेर पडावे.’ तारीख नाही, वेळ नाही, कुणी सांगितलं ते नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. म्हणजे हा आकडा खरा असेल तर बोलत बसायला वेळच नाही. पण खाली लगेच कुणी तरी विचारतं, हे आत्ताचं का? एक म्हणतो, कालचं आहे. दुसरा म्हणतो, नाही, आत्ताच सांगलीच्या पाहुण्यानं पाठवलंय. तिसरा २०१९ चा व्हिडिओ टाकतो, त्यात बाजारपेठेत होडी चाललेली, आणि तो जुना आहे हे कळायला आणखी काही मेसेज जातात. मग कुणी धरणाच्या विसर्गाच्या पत्रकाचा फोटो टाकतं. त्यात क्युसेकचे आकडे मोठ्ठे आणि वेळ मात्र कोपऱ्यात, वाचता येणार नाही अशी. तोवर मळ्यात राहणारा माणूस फोन हातात धरून बसलेला. त्याच्या गोठ्यात म्हशी आहेत. हलायचं की थांबायचं, एवढंच त्याला हवंय.

आणखी एक. पावसात रेंज जाते-येते. आली की रात्रभरचे मेसेज एकदम धडाधड येतात आणि माणूस मधलाच कुठला तरी वाचून निर्णय घेतो. ‘पाणी ओसरतंय’ हा संध्याकाळचा मेसेज त्यानं पहाटे वाचला तर काय होईल, ते सांगायला नको. यात कुणाचा खोटेपणा नसतो. सगळे काळजीनंच पाठवत असतात. पण ग्रुपवर मेसेज राहतो, पुढं पुढं जात राहतो, आणि पाणी मात्र तासातासाला बदलत असतं.

फोनचं तसं नाही. फोन वाजतोय म्हणजे ते आत्ताचंच आहे, यावर वाद होत नाही. मला ग्रामसुरक्षा यंत्रणा पटली ती मुख्यतः यासाठी. बिबट्या, चोऱ्या, आग अशा कारणांसाठी पोलिसांच्या पुढाकारानं ती बऱ्याच गावांत सुरू झाली, पण पुराला ती तितकीच लागू पडते असं मला वाटतं. साधा बटणांचा फोन चालतो. नेट लागत नाही. झोपलेला माणूस उठतो. आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, याची किंमत मला प्रत्यक्ष ऐकेपर्यंत कळली नव्हती.

आमच्याकडं नदीचं पाणी घराला लागायच्या आधी ओढ्याला फुगवटा येतो आणि मळ्यांचा रस्ता तुटतो. नदी अजून लांब दिसत असते, म्हणून माणूस निवांत असतो. अशाच एका रात्री फोन आला. ‘मी पोलीस पाटील बोलतोय. ओढ्याचं पाणी फरशीपुलाला लागलंय. पलीकडच्या मळ्यातल्या लोकांनी जनावरं आत्ता सोडा, उजाडायची वाट बघू नका.’ एवढंच. पाटलांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, आणि त्या आवाजातली घाई कुठल्याही मेसेजात उतरली नसती. थोड्याच वेळात मळ्यांकडून बॅटऱ्यांचे उजेड हलायला लागले, ट्रॅक्टर सुरू झाल्याचे आवाज आले. काही जण जनावरं बाहेर काढून परत नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायलाही गेले. त्या रात्री कुणी ‘हे आत्ताचं का’ असं विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

भोंग्याबद्दल थोडक्यात. गावठाणात तो ठीक आहे, पण पत्र्यावर मुसळधार पाऊस वाजत असताना आतल्या माणसाला शब्द कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. उसाच्या पलीकडच्या वस्तीला तर तोही नाही. शिवाय पुरात खबरदारी म्हणून वीज आधी बंद करतात. तरीही भोंगा मोडीत काढू नका. टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपलं की सगळे फोन मुके होतात, आणि मग बॅटरीवर चालणारा, ट्रॅक्टरवर बांधून फिरवता येणारा भोंगा एवढंच हातात उरतं. फोनची यंत्रणा टॉवर चालू असेपर्यंतच कामाची, हे आधीच धरून चाला. म्हणूनच पहिला इशारा लवकर जायला हवा.

फोनच्या बाजूलाही अडचणी आहेत, त्या सांगतो. फोटो दाखवता येत नाही. ऐकताना चुकलं तर चुकलं, म्हणून बोलणाऱ्यानं ठिकाणाचं नाव दोनदा घ्यावं. आणि याचा वापर प्रत्येक सभेच्या, सत्काराच्या निरोपाला केला तर लोक फोन कट करायला लागतील आणि खऱ्या रात्रीही करतील. आम्ही ठरवलंय की पूर, आग, चोर आणि बिबट्या यांशिवाय त्यावर काही बोलायचं नाही. तुमच्या गावात ग्रामसभेचा निरोप फोनवर द्यायचा आग्रह होईल. शक्य तर तो ग्रुपवरच राहू द्या.

तुमचं गाव लहान असेल, सगळ्यांकडं स्मार्टफोन असतील आणि ग्रुपवर दोघाचौघांनीच लिहायचं ही शिस्त खरोखर पाळली जात असेल, तर कदाचित ग्रुपवर भागेल. प्रत्येक मेसेजवर तारीख, वेळ आणि नाव असेल तर माझी तक्रार निम्मी मिटते. पण पाणी चढत असताना अशी शिस्त टिकलेली मी बघितलेली नाही.

फोनचं ठरवलंत तर मृग निघायच्या आधी नंबरांची यादी घरोघर जाऊन करा. कागदावर घरटी एक नंबर भरलेला असतो आणि तो बऱ्याचदा पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा निघतो. त्याचा राहू द्या, तो घाबरून घरी फोन लावेल, तेही बरंच आहे. पण घरात रात्री जो झोपतो त्याचा नंबर आधी घ्या, मग तो आजीचा बटणांचा फोन का असेना. मळ्यातल्या गड्यांचे नंबरही घ्या, कारण जनावरांजवळ आणि नदीजवळ तेच असतात.