यादवांची भाऊबंदकी आणि काकांच्या पेन्सिलीच्या खुणा

ठाण्यात नौपाड्यातल्या या वाचनालयाची सभासद होऊन मला 2 वर्षं झाली. जिना अरुंद आहे, गुरुवारी बंद असतं आणि मागणी असलेलं पुस्तक हातात पडायला कधीकधी 3 आठवडे लागतात. तरीही मी 5 तारे दिलेत. का, ते सांगते.

जूनमध्ये सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुपारी त्यांना वाचून दाखवायला ऐतिहासिक कादंबरी हवी होती, पण शिवकाळातल्या बहुतेक वाचून झालेल्या. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "भाऊबंदकी चालेल त्यांना?" सासूबाई गुहागरकडच्या. माहेरच्या आगराच्या वाटणीवरून सख्ख्या भावांनी एकमेकांचं तोंड पाहायचं सोडलं, ते त्यांनी पाहिलंय. मी हो म्हटलं. काकांनी खाकी कव्हर घातलेली, देवगिरीच्या यादवांवरची एक जाडजूड कादंबरी काढून दिली.

आतल्या पानावर काकांच्या अक्षरात वंशावळ चिकटवलेली होती. राजा कृष्ण गेला तेव्हा मुलगा रामचंद्र लहान, म्हणून 1261 च्या सुमारास गादी भावाकडे, महादेवाकडे आली. महादेवाने ती पुतण्याला परत न देता आपल्या मुलाला, आमणाला दिली. 1271 मध्ये रामचंद्राने ती हिसकावून घेतली. हेमाडपंत महादेवाच्याही पदरी होते आणि पुढे रामचंद्राच्याही. त्यांच्या नावाला दोन्हीकडे बाण काढलेत.

खरी गंमत समासात आहे. प्रसंगाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षर: ताम्रपटात असेल तर 'ता', महानुभाव ग्रंथांत असेल तर 'म', लेखकाच्या मनचं असेल तर 'क'. नाचगाण्याच्या ताफ्यातून रामचंद्राची माणसं किल्ल्यात शिरतात, तिथे 'ता'. आमणाचे डोळे काढतात, तिथे 'म'. एका जेवणात हिरवी मिरची आलीय, तिच्यावर फुली आणि शेजारी 'तेव्हा मिरी'. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

डोळे काढण्याचं पान वाचून झालं तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा ज्ञानेश्वरीच्या शेवटी येतो तोच रामचंद्र ना गं?" तोच. शके 1212 मध्ये माउलींनी ज्याला न्यायाचं पोषण करणारा राजा म्हटलं, तोच. त्या दिवशी पुढे वाचलंच नाही आम्ही.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं, तर त्यांनी कपाटातून झेरॉक्स काढून दिली. ठाण्यात सापडलेला रामचंद्राच्या काळातला एक ताम्रपटही शके 1212 चाच आहे. म्हणजे इकडे ज्ञानेश्वरी पुरी होत होती तेव्हा आपलं ठाणं त्याच राजाच्या अमलाखाली होतं. त्याआधी इथे शिलाहार होते. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर हा महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. मी 22 वर्षं ठाण्यात राहतेय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कादंबरीतलं आम्हा दोघींना सगळ्यांत भिडलेलं पान म्हणजे आंधळ्या आमणाला त्याची आई जेवू घालते ते. ती त्याचा हात धरून ताटात फिरवते. वर मधोमध मीठ, डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी, हा भात. मग हात सोडून देते. शेजारी 'क' आहे, इतका फिका की जवळ धरल्याशिवाय दिसत नाही. सासूबाई म्हणाल्या, "असू दे कल्पना. आई असंच करणार."

शेवट मात्र लेखकाने उरकलाय. 1296 ची अलाउद्दीनची स्वारी 20 पानांत संपते, रामचंद्राचा मुलगा शंकरदेव तर ओझरताच येतो.

अनामत 500, महिना 150, एका वेळी 2 पुस्तकं. सासूबाईंना जिना चढता येत नाही म्हणून काकांनी 2 वेळा पुस्तक घरी पोचवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. शिलाहारांवर काही आहे का, असं विचारलंय. एक कादंबरी आहे म्हणाले, माझा नंबर तिसरा आहे.