पितळी भांड्यांना कल्हई, ४ स्टार
आईची पितळी पातेली माळ्यावर पडून होती, आमटी कळकते म्हणून. पुण्यात तांबट आळीत विचारलं तर एका कल्हईवाल्या काकांचा नंबर मिळाला. भात्याऐवजी इलेक्ट्रिक ब्लोअर आलाय पण बाकी तेच, भांडं तापवायचं, नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर, कथिल टेकवून कापसाने फिरवलं की आत चांदीच चांदी, मी तर बघतच बसलो. काका म्हणाले स्टीलने धंदा बसवला, म्हणून आता व्हॉट्सॲपवर फोटो मागवतात, सोसायटीतून एकदम भांडी उचलतात, केटरिंगवाल्यांची पातेलीही धरलीयेत. एक स्टार कापला कारण शनिवार सांगून मंगळवारी दिली. तांब्याची बाटली पण नेलेली, तर म्हणे पाण्याच्या बाटलीला कल्हई कशाला, चिंच लावून घास जा!