घरात केशर लावायला गेले आणि १,०५,००० गेले. टेंट, ग्रो लाईट, ‘लिव्हिंग सॉईल’ घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

मी मुलुंड पूर्वेला राहते. मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यावर त्याची खोली रिकामी झाली, दहा बाय दहाची, आणि यांची कंपनी बंद पडल्यापासून घरात चार पैसे येतील असं काहीतरी करावं हे डोक्यात सारखं चालू होतं. तेवढ्यात मागच्या जूनमध्ये एक व्हिडिओ आला, फ्लॅटच्या एका खोलीत केशर पिकवा, माल आम्हीच परत विकत घेऊ. दादरला एका हॉलमध्ये रविवारी वर्कशॉप होतं, फी नव्हती. गेले. चाळीसेक माणसं होती, निम्म्याहून जास्त बायका, बऱ्याचशा माझ्याच वयाच्या.

माणूस मराठीच, बोलायला गोड, प्रत्येकीला ताई. आणि तो सांगत होता त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर माणूस फसतो. केशर काश्मीरात पांपोरला होतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं, एका फुलात तीनच केसर, काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये जीआय (म्हणजे त्या भागाचाच माल अशी सरकारी नोंद) मिळालं, कंदाला आधी थोडी ऊब लागते आणि फुलायच्या वेळी १५ ते १७ डिग्री थंडावा लागतो, हे सगळं नंतर मी स्वतः तपासलं, बरोबर आहे. मग तो म्हणाला की ही टेक्निक परदेशातली आहे, अमेरिका-कॅनडात लोक घरात टेंट (झाडं वाढवायचा कापडी बंद तंबू) लावून, एलईडी लावून, जिवंत मातीत गांजा पिकवतात, माती एकदा तयार केली की वर्षानुवर्षं तीच वापरतात, वरून नुसतं पाणी घालायचं, तीच पद्धत आपण केशराला लावलीय. हेही खोटं नाही, कॅनडात २०१८ पासून कायदा बदललाय आणि बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं लावता येतात, हे टेंट आणि लाईट मुळात त्याच लोकांमुळे बाजारात आलेत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते त्याने का सांगितलं हे डिसेंबरात कळलं.

पैशाचं सांगते. टेंट, लाईट आणि क्लायमेट कंट्रोलर मिळून ४८,०००. वीस किलो बल्ब, म्हणजे केशराचे कंद, ३६,०००. लिव्हिंग सॉईलच्या, म्हणजे त्याच ‘जिवंत माती’च्या, तीस गोण्या, ४५० प्रमाणे १३,५००. ट्रेनिंग ७,५००. एसी आमचाच होता. तीन वेळा यूपीआयने पैसे पाठवले, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाच्या नावावर, आणि बिल मागितलं की ‘माल पोचला की एकदमच देतो ताई’. बायबॅकचा एक कागद दिला, २०० ग्रॅम केशर ५०० रुपये ग्रॅमने घेणार, त्यावर सही होती पण कंपनीचा पत्ता नाही.

हिशोब मी तेव्हा केला नाही, तुम्ही करा. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. दहा ग्रॅमचा चांगला कंद धरला तर वीस किलोत दोन हजार कंद, प्रत्येकाला दोन फुलं आली तरी चार हजार फुलं, म्हणजे सगळं नीट झालं तर २६-२७ ग्रॅम. तो २०० ग्रॅम सांगत होता. पाच मिनिटांचं गणित आहे, त्या हॉलमध्ये कोणीतरी उठून केलं असतं तर आम्ही सगळेच वाचलो असतो.

ऑगस्टअखेर माल आला. आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, मूळचे पाटण तालुक्यातले, आयुष्य शेतात गेलं. त्यांनी एक गोणी सोडली, मूठभर माती घेतली, त्यावर थोडं पाणी शिंपडलं, मुठीत दाबली आणि नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरून बसले. मग म्हणाले, "सूनबाई, हिला वासच नाही गं." मी म्हटलं अप्पा, ही वेगळी असते, ऑरगॅनिक आहे, परदेशी पद्धतीची. ते परत काही बोलले नाहीत, हात धुवायला गेले. ते अजून मला लागतं.

कारण त्यांचंच बरोबर होतं. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो ना, तो मातीतल्या जिवाणूंचा असतो, त्यांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा. माती जिवंत असेल तर ओली केल्यावर थोडातरी वास देतेच. खरी लिव्हिंग सॉईल म्हणजे चांगलं कुजलेलं कंपोस्ट, गांडूळखत, निंबोळी पेंड, थोडं बोनमील म्हणजे हाडांचा चुरा, हवा खेळायला काहीतरी भरड, हे सगळं कालवून, ओलसर ठेवून, काही आठवडे मुरवलेलं मिश्रण. त्यात गांडुळं दिसतात, बुरशीचे पांढरे धागे दिसतात. माझ्या तीस गोण्यांत एक किडा नव्हता, एक मुंगी नव्हती.

नंतर मी काचेच्या बरणीत ती माती घातली, पाणी भरून हलवली आणि रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी वर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तरंगत होतं, मध्ये गढूळ राखाडी पाणी, आणि तळाला लाल थर. बोटाने चोळला तर विटेचा चुरा. डेब्रिज. मुंबईत बिल्डिंग पाडतात ते डेब्रिज चाळून, त्यात न धुतलेलं कोकोपीट घालून मला ४५० रुपये गोणी विकलं होतं. न धुतलेलं हे कशावरून म्हणते तर कुंड्यांवर आठवड्याभरात पांढरी खार चढली, नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते धुवून घालवावं लागतं.

आणि सगळ्यात चीड येते ती ह्याची की फुलायला केशराला मातीच लागत नाही! कंदात साठवलेलं असतं त्यावरच तो फुलतो, नुसत्या ट्रेमध्ये ठेवला तरी. माती लागते फुलं झाल्यानंतर, नवीन कंद धरायला. हे ट्रेनिंगमध्ये एका शब्दाने सांगितलं नाही, उलट ‘फुलांची संख्या मातीवर आहे’ म्हणून तीस गोण्या घ्यायला लावल्या.

बल्बचं पण तसंच. पोत्यात वरचे दोन थर टपोरे, आणि खाली भाजीवाला तळाशी बारीक बटाटे भरतो तसे. किचनच्या काट्यावर एकेक ठेवला, ४ ग्रॅम, ५ ग्रॅम, ४ ग्रॅम. आठ ग्रॅमच्या खालचा कंद त्या वर्षी फुलेल याचा भरवसा नसतो, हे मला नोव्हेंबरात समजलं.

आता कंट्रोलरचं ऐका. काळा डबा, त्यावर हिरवे आकडे, तापमान १७.०, ह्युमिडिटी ८०. रोज सकाळी मी फोटो काढून त्याच्या ग्रुपवर टाकायचे, तो अंगठा दाखवायचा. ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी लाईट गेली, आमच्याकडे महावितरण, दोन तास आलीच नाही. एसी बंद, ऑक्टोबर हीट, खोलीत नुसतं उभं राहिलं तरी पाठीवरून घाम वाहत होता. डबा इन्व्हर्टरवर होता. त्यावर आकडा होता १७.०. मी त्याच्यासमोर उभी राहून बघत होते, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, १७.० चा १७.१ होईना. खाली दुकानात जाऊन ३५० रुपयांचा साधा थर्मामीटर आणला, तो ३१ दाखवत होता. संध्याकाळी ह्यांनी स्क्रू काढून डबा उघडला, आत डिस्प्लेची पट्टी, आणि सेन्सरची वायर आतल्या बाजूला कापून ग्लूने चिकटवलेली, कुठेच जोडलेली नाही. एसी चालू असतानाही मग मोजलं, १.५ टनाचा एसी दुपारी २२-२३ च्या खाली उतरत नव्हता, खिडकी पश्चिमेची, भिंती तापलेल्या. म्हणजे दोन महिने मी चुकीच्या तापमानात कंद ठेवत होते आणि डब्याचा फोटो काढत होते. ऑक्टोबरचं वीजबिल ९,२०० आलं.

तरी फुलं आली, थोडीशी. २१२. पहिलं फूल उमललं तेव्हा अप्पांना उठवून आणलं होतं पहाटे, जांभळं, मध्ये लाल तीन काड्या, ते हात जोडून उभे राहिले त्याच्यासमोर. फुलाची काही चूक नव्हती. केसर काढून वाळवले आणि आमच्या सोनाराकडे नेले कारण घरच्या काट्यावर वजनच दाखवेना. त्याने बोटाएवढ्या कागदावर ठेवून सांगितलं, १.३८० ग्रॅम. १,०५,००० रुपयांचं. मग फुलं झालेले कंद त्या मातीत लावले ते तीन आठवड्यांत मऊ पडले, हात लावला की आतून काळं पाणी. कंदकुजव्या, काश्मीरातसुद्धा हाच रोग फार आहे, आणि इथे तर दमट हवा आणि निचरा न होणारा चिखल.

मी पैसे परत मागितले. आधी ‘कॅलिब्रेशन करावं लागतं ताई’, मग ‘तुमची चूक’, मग आठ दिवस उत्तर नाही, आणि मग जे आलं त्यासाठी हे सगळं लिहितेय.

मालासोबत एक छोटी कागदी पुडी होती, गिफ्ट म्हणून. त्यावर लिहिलेलं ‘कव्हर क्रॉप, माती जिवंत ठेवण्यासाठी’. सप्टेंबरात त्याने दोनदा मेसेज केला होता, ताई ती बी एका कुंडीत टाका, उगवली की फोटो पाठवा. मी टाकणार होते. अप्पांनी तळहातावर घेऊन बघितली आणि म्हणाले, ही भांगेची बी आहे, म्हणजे गांजाचंच झाड, घरात लावायची नाही. त्यांनी ती उचलून ठेवून दिली, म्हणून आज मी शांतपणे लिहू शकतेय.

डिसेंबरात त्याचा मेसेज आला: तुमच्या घरात टेंट आहे, जांभळा लाईट आहे, आमच्याकडून कसली बी गेलीय त्याची कुरिअर पावती आहे, पोलिसांकडे गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील, सोसायटीत पण कळेल. माझे हातपाय गार पडले. सोसायटीत त्या जांभळ्या उजेडावरून आधीच सेक्रेटरींनी एकदा विचारलं होतं. चार रात्री झोपले नाही, ह्यांनाही सांगितलं नाही. त्याला हेच हवं असतं, तुम्हाला गप्प बसवायची सोय त्याने माल विकतानाच करून ठेवलेली असते.

शेवटी माझ्या मामेबहिणीला सांगितलं, ती वकील आहे. तिने समजावलं ते जसंच्या तसं देते. गांजाचं झाड लावणं हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायदा १९८५ च्या कलम २० खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, एक कुंडी असली तरी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सहज सुटता येत नाही, त्यामुळे अप्पांनी थांबवलं हे फार मोठं झालं. पण टेंट ठेवणं, लाईट ठेवणं, केशर लावणं यात काहीही गुन्हा नाही. नुसती बी त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही, हेम्पची, म्हणजे त्याच झाडाची, बी तर २०२१ पासून खाण्याच्या वस्तूंतसुद्धा मान्य आहे, गुन्हा होतो तो पेरल्यावर. पुडी लपवू नको, फेकू नको, बरोबर घेऊन चल, म्हणाली.

गेलो. पोलीस स्टेशनला साहेबांनी सगळे मेसेज स्वतः वाचले, ‘पेरा आणि फोटो पाठवा’ हा मेसेज दोनदा वाचला, आणि मला विचारलं की ताई, इतके दिवस का थांबलात. पुडी त्यांनी लिहून घेऊन ठेवून घेतली. १९३० ला, म्हणजे ऑनलाईन फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन आणि सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार पण केली, पण पैसे गेल्या गेल्या लगेच फोन केला तरच ते खात्यात अडवता येतात, माझे पाच महिन्यांपूर्वी गेलेले, खाती रिकामी. ग्राहक आयोगात केस टाकलीय, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण लागत नाही. तिथे समोरून ‘यांनी धंद्यासाठी घेतलं, या ग्राहकच नाहीत’ असं म्हणतील, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो ग्राहकच धरतात, त्यासाठी यांची कंपनी बंद झाल्याचे कागद जोडलेत.

ज्यांच्याकडे असा सेट आलाय त्यांनी आजच स्वतःचा थर्मामीटर त्या डब्याशेजारी ठेवा आणि एसी बंद करून बघा आकडा हलतो का. कंद काट्यावर टाका, पोत्याच्या तळातले. माती बरणीत हलवा. आणि कसलीही फुकटची पुडी आली असेल तर पेरू नका, तिचा फोटो त्याला पाठवू नका, घरातल्या कोणाला तरी आजच सांगा.

परवा माझ्या जावेच्या मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला, ‘हे बघ किती छान, जाऊया का’. नाव वेगळं आहे, नंबर वेगळा आहे, या वेळी हॉल कल्याणला आहे, येत्या रविवारी सकाळी. माणूस तोच. त्याच्या मागे टेबलावर तो काळा डबा आहे, आणि त्यावर १७.० आहे. म्हणून आज रात्रीच लिहायला बसले.