शाळेचा क्रोमबुक: जून ते मार्च वापरल्यावर

११.६ इंची क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप), ३० नगांचा संच, सोबत चार्जिंगचे कपाट. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण), ४५ वॅटचा टाइप-सी चार्जर. ठिकाण गोव्यातला डिचोली तालुका, म्हणजे अख्खा पावसाळा यात आला. वेगाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. गूगल डॉक्स, स्क्रॅच (मुलांसाठीचे प्रोग्रॅमिंग), पाठ्यपुस्तकाची पीडीएफ आणि अधूनमधून व्हिडिओ एवढ्याला तो पुरतो. दहा-बारा टॅब उघडले की मागचे पान पुन्हा लोड होते, मुले तेवढे चालवून घेतात. घेताना सगळे प्रोसेसर बघतात, पण यंत्र बंद पडते ते चार्जिंगच्या तोंडाशी (पोर्टशी) आणि दमट हवेत.

टाइप-सीचे तोंड १०,००० वेळा पिन घालण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवलेले असते. दिवसाला चार वेळा लावले तरी सहा वर्षांवर चालायला हवे. ते काही महिन्यांतच ढिले पडते ते आडव्या ताणाने. चार्जर तसाच लावून लॅपटॉप मांडीवर घेतला, की पिन मांडीला टेकून वर दाबली जाते आणि तोंडाच्या आतली पातळ जीभ वाकते. मग केबल एका ठरावीक कोनात धरली तरच दिवा पेटतो. मात्र दुरुस्तीला धाडण्याआधी आत बघावे. निम्म्या वेळा दप्तरातला कापूस आणि धूळ ठासून बसलेली असते. यंत्र पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने ती हळूच उकरावी. टाचणी किंवा सेफ्टीपिन अजिबात नको.

तोंड खरेच तुटले असेल, तर पुढचे सगळे ते कशावर बसवले आहे यावर ठरते. काही मॉडेलांत ते छोट्या वेगळ्या बोर्डावर असते. खालचे झाकण काढायचे, आधी बॅटरीची जोडणी सोडवायची, पट्टीची केबल काढायची, दोन स्क्रू फिरवून नवा बोर्ड बसवायचा. हात बसलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तोंड थेट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेले असेल तर म्हापसा-पणजीचे दुरुस्तीवाले गाठावे लागतात, आणि बऱ्याचदा ते अख्खा बोर्डच बदलायला सांगतात. खरेदीआधी विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारला तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

मोबाइलचा चार्जर लावायची सवय मुलांना हमखास असते. साधा अडॅप्टर ५ व्होल्टवर १०-१५ वॅट देतो. तेवढ्यात चालू लॅपटॉप चार्ज होत नाही, फक्त बॅटरी जरा हळू उतरते. ‘रात्रभर लावला होता, तरी भरला नाही’ ही तक्रार आली की आधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत.

कपाटाचा हिशेब वेगळाच. ३० चार्जर गुणिले ४५ वॅट म्हणजे १,३५० वॅट. २३० व्होल्टला जवळजवळ ६ अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर हा भार तासन्‌तास ठेवला की सॉकेट तापून पिवळा पडतो. १६ अँपिअरचा पॉइंट घ्यावा, नाहीतर दहा-दहाच्या तीन फेऱ्या कराव्यात. आमच्याकडे पावसात लाईट जाणे-येणे चालूच असते, आणि लाईट परत आली की ३० अडॅप्टर एका क्षणात प्रवाह ओढतात. बी प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा खटका) असेल तर तो तिथेच पडतो. इलेक्ट्रिशियनकडून क्षणिक झटका सोसणारा सी प्रकारचा बसवून घेतल्यावर हा त्रास जातो.

पत्र्याचे बंद कपाट जुलैत बुरशीचे घर होते. कीबोर्डच्या फटी, रबरी पाय, बिजागऱ्या, आणि कपाटात फेल्ट लावलेले असेल तर तो सगळ्यात आधी. पाठीमागे वर-खाली हवेची भोके हवीत, आणि प्रत्येक कप्प्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी. नारिंगी दाण्यांची घ्यावी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, शाळेत ते नको. दाणे हिरवट झाले की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास सुकवून पुन्हा वापरता येतात. एसीच्या संगणक कक्षातून यंत्र थेट बाहेर पडवीत आणले की त्यावर दव धरते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. तापमान जुळेपर्यंत वीस मिनिटे ते पिशवीतच राहू द्यावे, सुरू करू नये.

रोज वापरातले यंत्र आपल्याच उष्णतेने कोरडे राहते. बुरशी धरते ती पडून असलेल्यावर. त्यामुळे मुलांना घरी देण्याकडे आमचा कल आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याने २००२ मध्ये सातवीच्या मुलांना लॅपटॉप दिले, गोव्यात मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांच्या काळातल्या सायबरएज योजनेने अकरावीच्या मुलांना संगणक दिले. यंत्र मुलाच्या नावावर असले की ते निदान उघडले तरी जाते. कपाटातल्या यंत्राचा वाईट दिवस गणेश चवथीच्या सुट्टीत उजाडतो. शून्य टक्क्यावर ठेवून सुट्टी लागली की बॅटरी आणखी उतरते आणि तिचे संरक्षक सर्किट तिला कुलूप लावते. सुट्टीआधी ४० ते ६० टक्के भरून पूर्ण बंद करावे. तरीही पेटला नाही तर अर्धा तास चार्जरवर ठेवून रिफ्रेश (गोल बाणाचे) आणि पॉवर ही बटणे एकत्र दाबावीत. पुष्कळदा तेवढ्याने जागा होतो.

स्क्रीन फुटण्याचे कारण बहुतेक वेळा एकच: कीबोर्डवर पेन्सिल ठेवून झाकण लावणे. त्याखालोखाल, दप्तरात शेजारी कोंबलेली स्टीलची बाटली. विनाटच, मॅट स्क्रीन घ्यावी. काच चिकटवलेली नसल्याने नुसते पॅनेल बदलता येते.

मराठीचे म्हणाल तर यंत्राची चूक कमी, आपलीच जास्त. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली जुनी प्रश्नपत्रिका डॉक्समध्ये उघडली की रोमन अक्षरांचा काला दिसतो, कारण ते जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेताचे, नाहीत. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच तिची पीडीएफ करून मग पाठवावी. मुलांना फोनमुळे रोमनमधून मराठी उमटवायची सवय असते, पण परीक्षेच्या वेगाला इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्डच बरा. ‘ळ’ला शिफ्ट आणि एन, ‘ऱ्या’साठी शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. ‘दुसऱ्या’ हा शब्द दहा वेळा लिहून घेतला की बोटांत बसतो.

यंत्राचे आयुष्य किती, हे बॅटरी नाही, अपडेटची मुदत ठरवते. गूगलने २०२३ मध्ये क्रोमबुकना दहा वर्षांचे अपडेट जाहीर केले, पण ती दहा वर्षे मॉडेलचा प्लॅटफॉर्म (त्यामागचे मूळ हार्डवेअर) बाजारात आल्यापासून मोजतात, आपण बिल फाडल्यापासून नाही. स्वस्तात मिळणारा जुना साठा म्हणूनच तपासून घ्यावा. शेवटची तारीख सेटिंग्जमध्ये दिसते. त्याच पैशात विंडोजवाला मिळत असेल तरी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवर विंडोज ११ घेऊ नये. कागदावर तेवढे पुरते, पण एक मोठे अपडेट आले की जागा संपते.

ऑर्डर देतानाच त्यात चार्जिंगचे पाच बोर्ड, सहा जादा चार्जर आणि दोन स्क्रीन पॅनेल लिहून घ्यावेत, आणि वॉरंटीत ओलाव्याचे नुकसान धरले आहे का ते वाचावे.