बाळाची टोचणी आणि आईचे शिक्षण : गुहागर तालुक्यातील एका प्रसूतिगृहाचा वर्ग

दुसऱ्या बाळंतपणासाठी मी माहेरी, गुहागर तालुक्यात आले, तेव्हा ज्या लहानशा प्रसूतिगृहात नाव घातले होते, तिथे दिवस भरत आलेल्या बायकांसाठी एक विनामूल्य वर्ग घेतला जातो. विषय एकच : तान्ह्या बाळाला टोचताना होणारी वेदना औषधाशिवाय कमी कशी करावी. पहिल्या मुलाच्या टाचेतून रक्त घ्यायला, दुसऱ्या गावच्या रुग्णालयात, त्याला आतल्या खोलीत नेले होते आणि मी दाराबाहेर त्याचे रडणे ऐकत उभी होते. मी जवळ असणे हाच एक उपाय आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

सिस्टरांनी सुरुवात केली ती ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय’ या समजुतीपासून. १९८०च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरही असेच मानत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत, डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ही समजूत मोडायला मोठी मदत केली.

वर्गाचा खरा कस लागतो तो प्रात्यक्षिकात. बाळाला टोचणीच्या काही मिनिटे आधी पाजायला घ्यायचे, ते नीट ओढून गिळू लागले की मगच सुई, आणि सुई निघाल्यावरही त्याला लगेच सोडवायचे नाही. बीसीजी, म्हणजे क्षयरोगाविरुद्धची लस, डाव्या दंडावर देतात. बाळाला आडवे, डाव्या अंगाला पाजायला घेतले की त्याचा डावा दंड आपोआप वर येतो, हे कापडी बाहुली हातात देऊन प्रत्येकीकडून करवून घेतले. ठसका लागेल ही भीती सगळ्यांनाच होती, परंतु अभ्यासांत तसे आढळलेले नाही, असे सिस्टरांनी समजावून सांगितले. पाजणे शक्य नसेल, तर बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरावे, तेही सुईच्या दहा-पंधरा मिनिटे आधीपासून. दीड महिन्याच्या डोसांच्या वेळी तोंडातले थेंब आधी आणि इंजेक्शने नंतर, असा क्रम मागून घ्यावा, हेही तिथेच कळले.

मध चाटवण्याबद्दल त्या ठाम होत्या : वर्षाच्या आत मुळीच नाही, कारण त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सोबत आलेल्या आज्यांनाही त्यांनी हे आदराने पटवले, याचे मला फार कौतुक वाटले.

उणिवा दोन आहेत. छातीशी धरण्याचे काम बापालाही जमते, तरी वडिलांना वर्गाला बोलावत नाहीत. आणि ज्या खोलीत डोस देतात, तिथे आडोसा नसल्यामुळे शिकलेले करताना बाईला संकोच वाटतो. एक पडदा लावला तरी पुरे.

माझी मुलगी बीसीजीच्या वेळी रडली, पण माझ्या अंगाशीच होती आणि थोड्याच वेळात पुन्हा ओढू लागली. दीड महिन्याच्या डोसांना मी तिला तिथेच नेणार आहे.